बंदरातल्या मशिदींचा जमाखर्च

जुन्या मशिदीचा विषय निघाला की चर्चा कुठे जाऊन पोहोचणार, हे आता कुणीही आधीच सांगू शकतं. एक बाजू म्हणते, हे सगळं परक्यांनी तलवारीच्या जोरावर आणून बसवलेलं आहे; मूळचं पाडलं आणि त्याच दगडांवर घुमट चढवले. दुसरी बाजू लगेच गंगा-जमनी तहजीब बाहेर काढते आणि खांबावरच्या कमळाकडे बोट दाखवते. तिसरा एक हुशार गट असतो, तो म्हणतो, कारागीर तर आपलेच होते, मग यात त्यांचं असं काय आहे? तिघांचं एकमेकांशी पटत नाही, पण एका बाबतीत तिघांचंही एकमत आहे. इमारतीकडे पाहायचं ते धर्माच्या खटल्यातला पुरावा म्हणून. पैसा कुठून आला, जमीन कुणी दिली, दिव्याचं तेल कोण भरत होतं, हे प्रश्न कुणाला सुचतही नाहीत.

मला वाटतं, भारताच्या पश्चिम किनाऱ्यापुरतं तरी हे प्रश्न आधी विचारायला हवेत. कच्छपासून कोझिकोडपर्यंतची सर्वांत जुनी इस्लामी वास्तुकला बंदरांच्या अर्थकारणातून उभी राहिली. राजाला जकात हवी होती आणि अरबी घोडे हवे होते. व्यापाऱ्याला वारा फिरेपर्यंत महिनेच्या महिने राहायला जागा हवी होती, नमाजाला छप्पर हवं होतं आणि इथेच मेला तर पुरायला जमीन. दोन्हीकडच्या गरजा जुळल्या आणि सौदा झाला. या वास्तूंना आक्रमणाची खूण म्हणणं कालक्रमात बसत नाही. सलोख्याचं स्मारक म्हणणं भाबडेपणाचं आहे. दोन्ही बाजू दिल्लीच्या चष्म्यातून किनारा बघतात, आणि दिल्ली या गोष्टीत बरीच उशिरा येते.

किती उशिरा? दिल्लीची कुतुबजवळची मशीद बाराव्या शतकाच्या शेवटच्या दशकातली. कच्छमधल्या भद्रेश्वरच्या इब्राहिमच्या दर्ग्यावर हिजरी ५५४ हे वर्ष कोरलेलं आहे, म्हणजे इसवी सन ११५९-६०. किनाऱ्यावरची वस्ती तर त्याहून कितीतरी जुनी. अल-मसूदी हा अरब प्रवासी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे ९१६-१७ साली, आपल्या चौलला आला होता. त्याने तिथे सुमारे दहा हजार मुसलमान असल्याची नोंद केली आहे. सिराफ, ओमान, बसरा आणि बगदादहून आलेले, आणि इथेच जन्मलेले. त्यांचा मुख्य त्यांच्यातलाच, पण नेमणूक राजाची. त्यानंतर दहाएक वर्षांनी, शके ८४८ मध्ये, राष्ट्रकूट राजा तिसऱ्या इंद्राच्या काळातला एक ताम्रपट आहे. तो पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडला. त्यात संजाण मंडळाचा कारभारी म्हणून ज्याचं नाव येतं तो मधुमती, म्हणजे मुहम्मद नावाचा ताजिक, आपल्या भाषेत अरब. या मधुमतीने खाडीवर फुकट होडीसेवा सुरू केली, भात-कालवण-तूप मिळेल असं अन्नछत्र घातलं आणि देवीच्या मठाला जमीन द्यायला राजाची परवानगी मिळवून दिली. महमूद गझनवी सोमनाथवर चालून येण्याआधी शंभर वर्षांची ही गोष्ट. शिवकालाच्या तारखा तोंडपाठ असलेल्या महाराष्ट्रात हा ताम्रपट किती जणांना माहीत आहे?

गोव्याचं उदाहरण तर याहून बोलकं. कदंब राजा गुहल्लदेव समुद्रमार्गे सोमनाथच्या यात्रेला निघाला होता. वाटेत गलबताची डोलकाठी मोडली आणि गोव्याच्या बंदरात आसरा घ्यावा लागला. तिथल्या मधुमद नावाच्या श्रीमंत ताजिक व्यापाऱ्याने त्याला मदत केली. पुढे अकराव्या शतकाच्या मध्यावर जयकेशी राजाने याच मधुमदाच्या नातवाला, छडमाला, मशिदीच्या खर्चासाठी बंदरात येणाऱ्या गलबतांवर कर घ्यायचा अधिकार दिला. ताम्रपटात मशिदीला मिजिगिती म्हटलं आहे. हा वास्तुकलेचा इतिहास आहे की महसूल खात्याचा? मला विचाराल तर दोन्ही एकच आहेत.

भद्रेश्वरची ती दर्ग्याची वास्तू जवळून पाहण्यासारखी आहे. आकाराने लहान, सगळी दगडी, पुढे खांबांचा मंडप. खरी कमान नाही. खांबावर तुळई आणि तुळईवर दगड. वर पाहिलं तर छत एकावर एक थोडे थोडे पुढे सरकवलेल्या दगडी वर्तुळांनी मिटत गेलेलं, जसं गुजरातच्या कुठल्याही सोळंकीकालीन मंडपात असतं. फरक दोन. पश्चिमेच्या भिंतीत मिहराब, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा आहे आणि भिंतीवर कूफी लिपीतली अरबी ओळ फिरते. मूर्ती नाही. ज्या गवंड्यांनी शेजारच्या जैन मंदिरांची कामं केली असतील, तशाच गवंड्यांनी हे गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून बांधलं. याच भद्रेश्वरचा जगडू शाह हा जैन व्यापारी. तेराव्या शतकातल्या दुष्काळातल्या अन्नदानासाठी त्याचं नाव आजही गुजरातेत निघतं. त्याच्या संस्कृत चरित्रकाव्यात त्याने बांधलेल्या मंदिरांच्या आणि विहिरींच्या यादीतच एका मशिदीचाही उल्लेख येतो, आणि ती का बांधली त्याचं कारणही कवी बेधडक देऊन टाकतो: म्लेंच्छांच्या लक्ष्मीसाठी. कवीला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. गंगा-जमनीवाल्यांनी हे वाक्य अवश्य वाचावं, आणि आक्रमणवाल्यांनीही.

आता सोमनाथ, कारण या वादात शेवटी सगळे तिथेच येतात. महमूदाची स्वारी १०२६ची. त्यानंतर २३८ वर्षांनी, १२६४ साली, त्याच सोमनाथमध्ये होर्मुझचा नूरुद्दीन फिरोज नावाचा नाखुदा, म्हणजे जहाजाचा मालक, मशीद बांधतो. राज्य वाघेला राजा अर्जुनदेवाचं. जमीन मिळते छाडा नावाच्या तिथल्या एका वजनदार गृहस्थाकडून. संमती देणाऱ्या पंचकुळाचा, म्हणजे नगराच्या कारभारी मंडळाचा मुख्य कोण, तर पाशुपत आचार्य वीरभद्र. म्हणजे सोमनाथाच्याच परंपरेतला पुरोहित. वेरावळला असलेल्या संस्कृत शिलालेखाची सुरुवात विश्वनाथाला वंदन करून होते. हा विश्वनाथ शून्यरूप आणि विश्वरूप आहे, असं लेख म्हणतो. अल्लाहचं वर्णन करण्यासाठी लेखकाने हाताशी असलेली शब्दसंपदा वापरली. तारीख चार पद्धतींनी दिली आहे: रसूल मुहम्मद संवत ६६२, विक्रम १३२०, वलभी ९४५, सिंह १५१. कुठल्याही गिऱ्हाइकाला आपली तारीख सापडावी, अशी सोय.

पण लेखाचा गाभा वंदनात नाही, खर्चाच्या तपशिलात आहे. मशिदीच्या नावे काय लावलं? मंदिराच्या मालकीची घरं असलेली काही जागा, एक तेलघाणा, दोन दुकानं. उत्पन्न कशावर खर्चायचं? दिव्याचं तेल, पाणी, इमाम, बांग देणारा, कुराण वाचणारा, नाविकांच्या रिवाजाप्रमाणे ठरलेल्या रात्रींचे उत्सव, चुना आणि डागडुजी. उरलं तर मक्का-मदिनेला पाठवायचं. देखरेख कुणाची? जहाजमालकांची जमात, घांची म्हणजे तेल्यांची जमात, चुनेवाल्यांची जमात. तेलाचा हिशेब तेल्याकडे आणि भिंतीचा चुनेवाल्याकडे! हा लेख वाचताना मला मंदिर ट्रस्टच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त वाचल्यासारखं वाटतं, आणि त्यातच त्याचा सगळा अर्थ आहे. चमत्कार नाही, साक्षात्कार नाही. भांडणं होऊ नयेत म्हणून सगळं लिहून ठेवलेलं.

इथे समोरच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा येतो आणि तो चुकवून चालणार नाही. याच व्यवहाराचा दुसरा लेख अरबीत आहे आणि दोन्ही लेख एकसारखे नाहीत. संस्कृत लेख विश्वनाथाला वंदन करतो. अरबी लेख सोमनाथचं नाव घेताना अल्लाहने हे नगर इस्लामचं करावं आणि कुफ्र, म्हणजे इस्लाम न मानणं, आणि मूर्ती दूर कराव्यात, अशी प्रार्थना करतो. म्हणजे पंचकुळापुढे एक भाषा आणि घरात दुसरी. हा दुटप्पीपणा आहे का? आहे. सलोख्याची गोड गोष्ट सांगणारे बहुतेक लोक संस्कृत लेख उद्धृत करतात आणि अरबी गाळतात, ही त्यांची लबाडी आहे. पण आक्रमणवाल्यांनाही एक उलट प्रश्न आहे. मनात अशी इच्छा असूनही फिरोजने केलं काय? जमीन रीतसर मिळवली, पंचांची संमती घेतली, तेलघाणा नावावर केला, हिशेब लिहून ठेवला. इच्छा आणि व्यवहार यांत अंतर असणं हाच बंदराचा स्वभाव आहे. समोरच्याचा देव खोटा आहे असं मनोमन मानणारे दोन लोक एकमेकांना माल उधार देऊ शकतात, आणि शतकानुशतकं देत आले. त्याला प्रेम लागत नाही, पत लागते.

दुसरा मुद्दा पाडलेल्या मंदिरांचा. त्यात खळखळ करण्यात अर्थ नाही. दिल्लीच्या मशिदीवरचा शिलालेख स्वतःच सांगतो की सत्तावीस मंदिरांचं साहित्य तिच्यासाठी वापरलं; बांधणाऱ्यांना ते मिरवायचं होतं. किनाऱ्यावरही, गुजरात खिलजींच्या हाती गेल्यावर, खंबायतच्या १३२५च्या जामा मशिदीत मंदिरांचे खांब दिसतात. ते आकाशातून पडले नाहीत. जो कुणी म्हणतो की मंदिरं पाडलीच नाहीत, किंवा पाडली ती फक्त राजकारणासाठी आणि धर्माचा त्यात संबंध नव्हता, तो पुराव्याशी खेळतो. पण खंबायतची १३२५ची मशीद आणि भद्रेश्वरची ११६०ची वास्तू यांना एकाच खोक्यात टाकणं हाही पुराव्याशी खेळच. एका ठिकाणी राज्य गिऱ्हाइकाचं होतं, दुसऱ्या ठिकाणी गिऱ्हाईक भाडेकरू होतं.

मग काही लोक शेवटचा पत्ता टाकतात: व्यापारी हे सैन्याचे पुढचे हेरच होते, आधी तागडी आली, मागून तलवार. ऐकायला पटतं, कारण इंग्रजांच्या बाबतीत आपण तसंच शिकलो. पण १२९९ साली अल्लाउद्दीनचं सैन्य गुजरातवर आलं तेव्हा काय झालं? ते समुद्रातून आलं नाही, उत्तरेकडून जमिनीवरून आलं. सोमनाथ लुटलं. आणि नुसरत खान खंबायतला गेला तेव्हा त्याने तिथल्या ख्वाजांना, म्हणजे धनाढ्य मुसलमान व्यापाऱ्यांनाच पिळून रत्नं उकळली. पुढे दख्खनवर आलेला मलिक काफूर हा अशाच एका ख्वाजाचा गुलाम. मालकाकडून तो जबरदस्तीने काढून घेतला. हे लिहिणारा बरनी हा दिल्लीचाच इतिहासकार, विरोधक नव्हे. हेर आपल्याच फौजेकडून असे नागवले जातात का? किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्याला दिल्लीचा सुलतान धर्मबंधू म्हणून काही वेगळा वाटला असेल, तर तो खंबायतच्या लुटीनंतर नक्कीच नाही.

उलट बाजूही पाहा. बाराव्या शतकात, सिद्धराज जयसिंहाच्या कारकिर्दीत, खंबायतला दंगल झाली. मशीद जाळली आणि ऐंशी मुसलमान मारले गेले. ही हकीकत औफी या फारसी लेखकाने लिहिली आहे, जो पुढे खंबायतलाच काझी होता. मशिदीतला खतीब, म्हणजे प्रवचन देणारा, अली राजाला शिकारीच्या वाटेत गाठून फिर्याद देतो. राजा कुणाला न सांगता उंटावरून खंबायतला जातो, वेष पालटून बाजारात फिरतो आणि येताना पुरावा म्हणून समुद्राच्या पाण्याचं भांडं भरून आणतो. मग पुढाऱ्यांना शिक्षा करतो आणि मशीद आणि मिनार परत बांधायला एक लाख बालोत्रा, म्हणजे तेव्हाची नाणी, देतो. कथेला मीठमसाला लागला असेल. पण त्यातून दोन गोष्टी निघतात. सलोखा होता म्हणणाऱ्यांना ती दंगल दिसायला हवी. आणि सगळा झगडाच होता म्हणणाऱ्यांना राजाची भरपाई. बंदर जळालं तर जकात बुडते, एवढं सिद्धराजाला कळत होतं; न्यायबुद्धी वेगळी होती की नाही, हे त्याचं तो जाणे.

'कारागीर आपलेच' या तिसऱ्या गटाचा मुद्दा मला सगळ्यांत आळशी वाटतो. कारागीर जवळपास सगळीकडे स्थानिकच असतात. इराणहून गवंडी गलबतात घालून आणणं कुणाला परवडणार? कोझिकोडला नाखुदा मिस्काल या बड्या जहाजमालकाची मशीद आहे. इब्न बतूताने चौदाव्या शतकात या मिस्कालचं वैभव नोंदवलं आहे. तिला घुमट नाही. लाकडी, बहुमजली, उतरत्या छपरांची. केरळातलं एखादं मंदिर असावं तशी. पाऊसच इतका की सपाट गच्ची टिकणार नाही, आणि लाकूड मुबलक. १५१०मध्ये पोर्तुगीजांनी ती जाळली, पुन्हा उभी राहिली ती त्याच रूपात. चीनमधल्या शिआनची थोरली मशीद चौकामागे चौक असलेली, निळसर कौलांची आहे. तिचा मिनार पाहून परका माणूस पॅगोडाच समजेल. म्हणून शिआनची मशीद बौद्ध होते का? इमारतीचं अंग स्थानिक असतं, तोंड मक्केकडे असतं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे मान्य करायला इतका त्रास का व्हावा?

आणि हीच फूटपट्टी आपल्याला लावली तर? चीनच्याच च्वानचौ बंदरात १००९-१०ची दगडी मशीद आहे. त्याच गावात १२८१ साली तमिळ व्यापाऱ्यांनी शिवमंदिर बांधल्याचा तमिळ शिलालेख सापडला आहे, कुबलाई खानाच्या काळातला. कोरीव दगड चिनी हातांनी घडवलेले आणि विषय शंकर-विष्णूचे. बाकूजवळच्या आतेशगाह या अग्निमंदिरावर देवनागरीत श्रीगणेशाय नमः कोरलेलं आहे. ते मुलतानी व्यापाऱ्यांचं काम. या देवळांना आपण हिंदूंचं चीनवरचं आणि अझरबैजानवरचं आक्रमण म्हणतो का? नाही, अभिमानाने फोटो काढतो. न्यू जर्सीत एखाद्या जुन्या गोदामात गणपती बसवणारं मंडळही तिथल्या नगरपालिकेचे पार्किंगचे नियम पाळूनच बसवतं. परमुलखात देव न्यायचा तर असाच न्यावा लागतो.

माझ्याच मांडणीला टोचणारं एक उदाहरण आहे: बिदरचा महमूद गवान. गिलानचा हा इराणी व्यापारी १४५३च्या सुमारास दाभोळला उतरला, बहमनी दरबारात वर चढत वजीर झाला. पदवी मलिक-उत-तुज्जार, व्यापाऱ्यांचा राजा. त्याने १४७२मध्ये बिदरला बांधलेला मदरसा पाहिला तर भद्रेश्वरची नम्रता कुठेही नाही. उंच मिनार, चार बाजूंना मोठाले इवान, म्हणजे कमानीची खुली दालनं, दर्शनी भिंतीवर निळ्या-पिवळ्या फरशांचं काम. दख्खनच्या दगडावर थेट समरकंद-हेरातचा पोशाख. मग स्थानिक रूपाचा नियम कुठे गेला? तो मोडला नाही, फक्त गिऱ्हाइकाला कुणावर छाप पाडायची होती ते बदललं. फिरोजला सोमनाथच्या पंचांची संमती हवी होती. गवानला पंच नकोच होते. त्याला दख्खनी सरदारांना दाखवायचं होतं की आफाकींच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या इराण्यांच्या मागे केवढं जग उभं आहे. ते त्यांना दिसलं, आणि रुचलं नाही. १४८१ साली बनावट पत्राच्या कारस्थानात त्याचा शिरच्छेद झाला. व्यापारी सत्तेत शिरला की बंदराचा नियम संपतो.

व्यापार म्हणजे शांती, असंही मी म्हणत नाही. गवानने १४७२मध्ये गोवा घेतला तो घोड्यांच्या व्यापारासाठीच. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी त्याच सुमारास चौलला घोडा घेऊन उतरला. जुन्नरला तिथल्या खानाने घोडा जप्त केला आणि म्हणाला, मुसलमान हो, घोडा परत देतो. कुणा खुरासानी माणसाने मध्ये पडून रदबदली केली म्हणून निकितिनचा धर्मही वाचला आणि घोडाही. बंदर सोडून घाटावर चढलं की भाव कसा बदलतो, याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

या वादाचा एक फटका प्रत्यक्ष वास्तूंना बसतो. आक्रमणाच्या गोष्टीत चौल-दाभोळ बसत नाहीत, कारण तिथे नाट्यमय लढाई नाही. सलोख्याच्या गोष्टीतही बसत नाहीत, कारण दाखवायला ताजमहाल नाही. चौलला मसूदीने पाहिलेल्यातलं काही उरलेलं नाही. पुढच्या काळातल्या हमामखान्याचे अवशेष आहेत, आणि तिथून जाणारे बहुतेक पर्यटक रेवदंड्याच्या समुद्राकडे निघालेले असतात. चिंचणीच्या ताम्रपटावर शाळेच्या पुस्तकात एक पान असावं, एवढी मागणीसुद्धा कुठल्या बाजूने येत नाही, कारण मधुमती कुणाच्याच उपयोगाचा नाही. मूर्तिभंजक म्हणावं तर तो देवीच्या मठासाठी रदबदली करतो. सेक्युलर संत म्हणावं तर तो सरकारी कारभारी आहे आणि होडीसेवा चालवून बंदर नीट ठेवतोय.

माझी मागणी अगदी मर्यादित आहे. सोमनाथचे दोन्ही लेख, संस्कृत आणि अरबी, पूर्ण मराठी भाषांतरासह शेजारी शेजारी छापले जावेत. त्यात वीरभद्राचं पंचकुळ असू द्या, तेलघाणा आणि दोन दुकानं असू द्या, आणि मूर्ती दूर कराव्यात ही अरबी प्रार्थनाही असू द्या. त्यातली एकही ओळ कुणाच्या सोयीसाठी गाळली जाऊ नये.